संदेश पाठवला, पोहोचला, पण कुणाला?

प्रत्येक सरकारी कार्यालयात आवक-जावक बारनिशी असते. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदाला तीत जावक क्रमांक पडतो आणि तो क्रमांक पडला, की कागद लिहिणाऱ्याच्या मनावरचे ओझे उतरते. पुढे त्या प्रकरणात विलंबाची चौकशी निघालीच, तर पहिला खुलासा ठरलेला असतो : "आमच्याकडून पत्र अमुक तारखेस रवाना झालेले आहे." ज्याला ते मिळायला हवे होते त्याला ते मिळाले का, त्याने वाचले का, त्यावर काही केले का, हे प्रश्न खुलाशात येत नाहीत. 'पाठवणे' या क्रियापदाला आपल्या प्रशासनात जितका मान आहे, तितका 'पोहोचणे' या क्रियापदाला नाही.

हे मला बारनिशीने नव्हे, तर संगणकाने शिकवले. एका संगणकावरून दुसऱ्या संगणकाला एका ओळीचा निरोप धाडणारे जे अगदी साधे आदेश असतात, त्यांच्या निमित्ताने घडलेली ही गोष्ट आहे. ती सांगताना त्या जिल्ह्याचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण तिच्यातला मुख्य दोष माझा स्वतःचा होता आणि त्यात इतर कुणाला ओढण्याचे कारण नाही.

सन २००३ च्या पावसाळ्यात मी ओडिशातील महानदीच्या खोऱ्यातल्या एका जिल्ह्यात अपर जिल्हाधिकारी होतो. (राज्याचे नाव तेव्हा ओरिसा असे लिहिले जाई, ते २०११ साली बदलले.) पूरनियंत्रण कक्षाची जबाबदारी माझ्याकडे होती. ओडिया भाषा मी कामचलाऊ शिकलो होतो, पण तिच्यात मराठी माणसाला चकवणारे शब्द पुष्कळ आहेत. त्यातला एक शब्द 'घाई'. नदीकाठच्या मातीच्या बांधाला पडलेल्या खिंडाराला तिथे 'घाई' म्हणतात. नवा असताना एकदा एक कनिष्ठ अभियंता धापा टाकत येऊन "घाई हेला, आज्ञा" असे म्हणाला, तेव्हा तो मला त्वरा करायला सांगतो आहे असे समजून मी त्याला शांतपणे बसायला खुर्ची दिली होती. बांध फुटला आहे, हे कळायला मला मिनिटभर लागले. निरोप कानापर्यंत पोहोचणे आणि माणसापर्यंत पोहोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा मला तेव्हाच मिळायला हवा होता. पण तेव्हा मी त्यावर हसलो आणि विसरून गेलो.

आमचा नियंत्रण कक्ष जिल्हा कचेरीच्या मुख्य इमारतीत होता आणि मदत शाखा आवाराच्या दुसऱ्या टोकाला, एका जुन्या बैठ्या इमारतीत. नावा, त्यांचे इंधन, चुडा-गुडाची पाकिटे, पॉलिथिनच्या ताडपत्र्या हे सगळे मदत शाखेकडे असे. मोठा पाऊस लागला की दूरध्वनीची मारामार होई. एकच अंतर्गत वाहिनी, तिच्यावर बाहेरगावचे फोन, वरिष्ठांचे फोन, वार्ताहरांचे फोन. निरोप्या भिजत चिठ्ठी घेऊन जाई आणि भिजलेली चिठ्ठी वाचता येत नसे.

त्याच सुमारास कचेरीत पंधराएक संगणक एकमेकांना जोडले गेले होते. आमचे तरुण जिल्हा सूचना अधिकारी अत्यंत उत्साही गृहस्थ. एका संध्याकाळी त्यांनी मला संगणकाचा काळा पडदा उघडून दाखवला. त्यावर खिडक्या नाहीत, चित्रे नाहीत, माउसचे काम नाही. फक्त लुकलुकणारी एक खूण. तिथे त्यांनी 'नेट सेंड' असे टंकले, एक जागा सोडून मदत शाखेच्या संगणकाचे नाव लिहिले, त्यापुढे चार शब्दांचा निरोप लिहून एंटरची कळ दाबली. पडद्यावर ओळ उमटली, की संदेश यशस्वीपणे पाठवला गेला आहे. आम्ही छत्री घेऊन मदत शाखेत गेलो, तर तिथल्या पडद्याच्या मधोमध एक लहानशी चौकट उघडून बसली होती आणि तिच्यात आमचे चार शब्द होते, पाठवणाऱ्या संगणकाच्या नावासह आणि वेळेसह. मला फार आनंद झाला. ना फोन, ना चिठ्ठी, ना जादा खर्च. दुसऱ्याच दिवशी मी तोंडी आदेश दिला, की नियंत्रण कक्षाने मदत शाखेला निरोप या मार्गानेच द्यावेत.

तीन आठवडे हे सुरळीत चालले. मग ती रात्र आली. वरच्या धरणातून पाणी सोडले होते, नदी धोक्याच्या पातळीवर होती आणि उपविभागांकडून दर पंधरा मिनिटांनी फोन येत होते. मध्यरात्रीनंतर पावणेदोनच्या सुमारास एका गावाजवळच्या बांधाला घाई पडल्याचे कळले. कक्षातल्या कर्मचाऱ्याने क्षणाचाही विलंब न लावता काळ्या पडद्यावर, रोमन लिपीत, गावाचे नाव आणि 'घाई, दोन नावा तात्काळ' असा निरोप टंकला आणि पाठवला. संदेश यशस्वीपणे पाठवला गेल्याची ओळ उमटली. त्याने आपल्या नोंदवहीत वेळ लिहिली आणि पुढचा फोन उचलला. त्याचे काम त्याने चोख केले होते.

पहाटे चारच्या पुढे मी फेरी मारत मदत शाखेत पोहोचलो. नावा जागच्या जागी बांधलेल्या होत्या.

त्यानंतर धावपळ होऊन नावा निघाल्या. त्या गावी जीवितहानी झाली नाही. तिथले लोक पुराच्या पाण्याबरोबर जगायला पिढ्यान्‌पिढ्या शिकलेले असतात. पण काही कुटुंबांना लहान मुलांसह बांधाच्या उरलेल्या तुकड्यावर भर पावसात रात्र काढावी लागली आणि गोठ्यात बांधलेली काही जनावरे सोडवायला कुणी पोहोचू शकले नाही. दुपारी मी तिथे गेलो तेव्हा एका म्हातारीने मला एकच प्रश्न विचारला : "तुम्हांला कळले नव्हते का?" या प्रश्नाचे खरे उत्तर काय द्यावे, हे मला तेव्हा सुचले नाही. आम्हांला कळले होते. एका खोलीत कळले होते, दुसऱ्या खोलीत नव्हते.

संध्याकाळी मदत शाखेतल्या टंकलेखकाला बोलावले. तो म्हणाला, "सर, मी ती चौकट पाहिलीच नाही." मी चिडलो. पाठवणाऱ्याच्या वहीत वेळ होती, पडद्यावर यश उमटल्याचे तो शपथेवर सांगत होता, आणि इकडे हा माणूस पाहिलेच नाही म्हणतो! कारणे दाखवा नोटिशीचा मसुदा तयार झाला. तो मी सहीसाठी टेबलावर ठेवला आणि खातरजमा म्हणून सूचना अधिकाऱ्यांना मदत शाखेचा संगणक तपासायला सांगितले.

त्या प्रणालीत एक सोय होती, जी मला ठाऊक नव्हती. पडद्यावर उघडलेल्या अशा प्रत्येक चौकटीची नोंद संगणक आपल्या घटनावहीत आपोआप करून ठेवत असे. सूचना अधिकाऱ्यांनी ती उघडली. संदेश होता. अक्षरन्‌अक्षर होता. वेळ रात्रीचा एक वाजून सत्तेचाळीस मिनिटे. म्हणजे संदेश पोहोचला होता आणि त्याची चौकट पडद्यावर उघडली होती. नोटीस आता अधिकच भक्कम झाली, असे कुणालाही वाटावे.

पण सूचना अधिकारी तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी त्याच यंत्रावर टंकलेखकाला बसवले आणि त्या रात्री जे काम तो करत होता, तेच करायला सांगितले. शासनाला सकाळी सहा वाजता पाठवायच्या परिस्थिती अहवालाचा तक्ता तो भरत होता : गावाचे नाव, एंटर, बाधित कुटुंबे, एंटर, नावांची संख्या, एंटर. नजर पडद्यावर नव्हे, तर डाव्या हाताच्या कागदावर. मग दुसऱ्या खोलीतून एक निरोप पाठवला गेला. चौकट उघडली आणि त्याच क्षणी त्याच्या बोटाने पुढचा एंटर दाबला. चौकट मिटली. तिला एक पळही आयुष्य मिळाले नाही. त्याने मान वर केली तेव्हा समोर त्याचाच तक्ता होता. तो खरे बोलत होता.

त्यानंतरच्या काही रविवारी मी सूचना अधिकाऱ्यांकडून हा विषय मुळापासून समजावून घेतला. जे कळले ते प्रशासनाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने समजून घ्यावे असे आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

दोन संगणकांमध्ये निरोप जाण्याच्या मुख्य रीती दोन. पहिलीला यूडीपी म्हणतात. तिचे नियम जॉन पोस्टेल यांनी १९८० साली लिहिले. तो सगळा दस्तऐवज जेमतेम तीन पानांचा आहे. ही रीत म्हणजे साधे पोस्टकार्ड. पत्ता लिहा, पेटीत टाका, विसरून जा. पोहोचले तर पोहोचले. दुसरी रीत टीसीपी. तिच्यात आधी संबंध जोडावा लागतो. पहिला संगणक विचारतो, "ऐकू येते का?" दुसरा म्हणतो, "येते. माझे तुला येते का?" पहिला म्हणतो, "येते." हा तीन पायऱ्यांचा नमस्कार झाल्यावरच मजकूर निघतो, आणि त्याचा प्रत्येक तुकडा मिळाल्याची पोच परत येते. पोच आली नाही, तर तुकडा पुन्हा पाठवला जातो. हे पोचपावतीसह नोंदणी टपालासारखे आहे. (आपले नोंदणी टपाल २०२५ साली स्पीड पोस्टात विलीन झाले, पण पोचपावतीचे महत्त्व त्यामुळे कमी होत नाही.)

याचा प्रत्यक्ष प्रयोग करायचा, तर नेटकॅट नावाचे एक छोटे साधन आहे. १९९० च्या दशकाच्या मध्यात ते आले आणि आजही ते वापरात आहे. एका संगणकावर त्याला सांगायचे, की अमुक क्रमांकाच्या दारावर कान देऊन बस. दुसऱ्यावर सांगायचे, की त्या संगणकाच्या त्याच दाराशी जोडणी कर. झाले. आता इकडे टंकलेली ओळ एंटर दाबताच तिकडे उमटते आणि तिकडची इकडे. मला त्यात सर्वांत जास्त आवडले ते त्याचे अपयश. समोर कुणी कान देऊन बसले नसेल, तर जोडणी नाकारल्याचे उत्तर बहुधा तिथल्या तिथे येते. त्या नकारात प्रामाणिकपणा आहे. कुणी नाही, हे स्पष्ट कळले की माणूस उठून दुसरा मार्ग शोधतो. घात करते ते खोटे यश.

पिंग नावाचे आणखी एक साधन सर्व तंत्रज्ञ दिवसातून अनेकदा वापरतात. अमेरिकी लष्कराच्या एका संशोधनशाळेत काम करणाऱ्या माइक मूस यांनी ते डिसेंबर १९८३ मध्ये लिहिले. पाणबुडी शोधण्यासाठी पाण्यात सोडलेल्या ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून त्याला हे नाव मिळाले. आपण हाक मारतो, समोरचे यंत्र तीच हाक परत करते, आणि जायला-यायला किती वेळ लागला ते कळते. मी उत्साहाने म्हणालो, "मग दर तासाला मदत शाखेला पिंग करू या." सूचना अधिकारी हसले. म्हणाले, "सर, त्या रात्रीही पिंगला उत्तर मिळालेच असते. यंत्र जागेच होते." हजेरीपटावर सही असणे आणि माणूस कामावर असणे यांत जे अंतर आहे, तेच हे अंतर.

मग मी म्हणालो, की टीसीपीची पोच तर खरी मानावी? तिथे मला या विषयाचे मर्म कळले. टीसीपीची पोच देते कोण? समोरच्या संगणकाची मूळ प्रणाली. ती सांगते, की मजकूर माझ्या साठ्यात येऊन पडला. तो ज्या कार्यक्रमासाठी होता त्याने तो उचलला की नाही, पडद्यावर दाखवला की नाही, माणसाने वाचला की नाही, यांपैकी कशाचीही ती ग्वाही नाही. ती पोच म्हणजे आवक शाखेचा गोल शिक्का. आमचा नेट सेंडचा निरोपही एका ठरावीक संगणकाला पाठवल्यावर समोरच्या यंत्राने स्वीकारला तरच यश दाखवी. सर्वांना एकदम पाठवला, तर तेवढीही खात्री नसे. थोडक्यात, त्या रात्री आवक शिक्का बरोबर बसला होता आणि शिक्क्यालाच आम्ही कार्यवाही समजलो होतो.

साल्टझर, रीड आणि क्लार्क या तीन संशोधकांचा १९८४ साली प्रसिद्ध झालेला एक निबंध संगणकशास्त्रात फार मानला जातो. त्याचा आशय असा, की मधल्या वाहतुकीची यंत्रणा कितीही विश्वसनीय केली तरी काम खरोखर पूर्ण झाले की नाही, याची खात्री फक्त दोन टोकेच करून घेऊ शकतात. मधली यंत्रणा वेग वाढवील, चुका कमी करील. शेवटची तपासणी मात्र टोकालाच करावी लागेल. संगणकांसाठी लिहिलेले हे तत्त्व मला आपल्या प्रशासनाचेच वाटले. मंत्रालयातून परिपत्रक निघते आणि गावापर्यंत जाते. मध्ये आयुक्त, जिल्हाधिकारी, तहसीलदार असे सगळे टप्पे आपापली पोच देतात. प्रत्येकाची पोच खरी असते. आणि तरीही शेवटच्या घरी विचारले, तर उत्तर येते, "आम्हांला ठाऊक नाही."

आपल्या जुन्या लोकांना हे कळत होते. भारतात तारेचा आरंभ १८५० साली कलकत्ता ते डायमंड हार्बर या प्रायोगिक मार्गाने झाला आणि जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली. या प्रदीर्घ काळात सरकारी तार पाठवली, की तिच्या पुष्टीसाठी टपालाने प्रत पाठवण्याची शिस्त कार्यालयांनी पाळली. पोलिसांच्या बिनतारी यंत्रणेत निरोप घेणारा तो उलट वाचून दाखवतो आणि मगच बोलणे संपते. जुन्या युनिक्स संगणकांवरही 'राइट' नावाचा एक आदेश होता, ज्याने एक माणूस दुसऱ्याच्या पडद्यावर थेट ओळी लिहू शके. त्याच्या माहितीपुस्तिकेतच सुचवलेले होते, की आपले म्हणणे संपल्यावर 'ओ' हे अक्षर लिहावे, म्हणजे समोरच्याला आपली पाळी कळेल. आणि संभाषणच संपवायचे असेल तर ते दोनदा लिहावे. बिनतारीवरच्या 'ओव्हर'चीच ही छाया. यंत्र तेच, पण त्याभोवती माणसांची एक शिस्त होती. आम्ही यंत्र घेतले आणि शिस्त घ्यायला विसरलो.

टेबलावरची नोटीस अजून तशीच होती. तिच्याबाबत निर्णय करण्यापूर्वी मी कायदाही पाहिला. माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० याच्या कलम १३ नुसार, वेगळे ठरलेले नसेल तर, प्राप्तकर्त्याने नेमून दिलेल्या संगणकप्रणालीत इलेक्ट्रॉनिक अभिलेख शिरला, की तो प्राप्त झाला असे मानले जाते. करार-मदारासाठी अशी रेषा कुठेतरी आखावीच लागते, त्यामुळे हे कलम योग्यच आहे. पण त्याच्या आधाराने टंकलेखकाला दोषी धरणे मला अवघड नव्हते, आणि तेच मला अस्वस्थ करत होते. यंत्राची नोंद त्याच्या विरुद्ध, कायद्याचे गृहीतक त्याच्या विरुद्ध, पाठवणाऱ्याची वही त्याच्या विरुद्ध. त्याच्या बाजूने फक्त सत्य होते.

त्याच अधिनियमाच्या कलम १२ मध्ये मला माझी चूक सापडली. पाठवणारा असे ठरवू शकतो, की पोच मिळाल्यावरच हा अभिलेख बंधनकारक होईल. तसे ठरवले आणि पोच आली नाही, तर तो पाठवलाच नव्हता असे मानायचे. म्हणजे पोच मागण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याची आहे. मी व्यवस्था सुरू केली, तेव्हा पोच मागितली नव्हती. निरोप घेण्यासाठी वेगळा माणूस नेमला नव्हता. ज्याच्या हातात दुसरे निकडीचे काम होते, त्याच्याच पडद्यावर मी जीवनमरणाचे निरोप पाठवत होतो. शिवाय आदेशही तोंडी! मी नोटिशीचा मसुदा रद्द केला आणि नस्तीवर लिहिले, की संदेशवहनाची रीत अधोहस्ताक्षरीने पोचपावतीची तरतूद न करता सुरू केली, यास्तव विलंबाची जबाबदारी अधोहस्ताक्षरीची आहे. जिल्हाधिकाऱ्यांनी नस्ती वाचली, फक्त "पाहिले" असा शेरा मारला आणि फोनवर विचारले, "पुढे काय करणार आहात?" तो प्रश्न शेऱ्यापेक्षा मोलाचा होता.

पुढे आम्ही जे केले ते साधे होते. निरोपाचा संगणक वेगळा केला. त्यावर दुसरे कोणतेही काम करायचे नाही आणि पाळीप्रमाणे एक माणूस त्याच्यासमोर बसेल. निरोप मिळताच त्याने उलट निरोप पाठवायचा. तो नुसता 'मिळाला' असा चालणार नाही. त्यात गावाचे नाव पुन्हा टंकायचे, काय करतो आहे ते लिहायचे आणि शेवटी स्वतःचे नाव. पाच मिनिटांत उलट निरोप आला नाही, तर पाठवणाऱ्याने फोन करायचा. फोन लागला नाही, तर स्वतः उठून जायचे. नोंदवहीत पूर्वी एकच रकाना होता : पाठवल्याची वेळ. आता त्याशेजारी आणखी दोन आले : कोणी स्वीकारला, आणि नावा केव्हा निघाल्या. तिसरा रकाना भरेपर्यंत ती नोंद संपली असे मानायचे नाही. त्या वर्षीच्या उरलेल्या पावसाळ्यात उठून चालत जाण्याची वेळ अनेकदा आली. एकदा तर दिवे गेल्यामुळे निरोपाचा संगणकच बंद पडला होता. पण नावा वेळेवर निघाल्या.

ते साधन पुढे फार टिकले नाही. आमच्या बंदिस्त जाळ्यात जे सोयीचे वाटले, ते खुल्या इंटरनेटवर उपद्रवाचे ठरले. याच सेवेचा उपयोग करून अनोळखी लोक घरोघरच्या पडद्यांवर जाहिराती उघडू लागले. ऑक्टोबर २००३ मध्ये त्या सेवेतली एक गंभीर सुरक्षा-त्रुटी जाहीर झाली. ऑगस्ट २००४ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सुधारणा-संचात ती सेवा मुळातच बंद ठेवली गेली आणि पुढच्या व्हिस्टा आवृत्तीतून नेट सेंड काढून टाकले गेले. हेही योग्यच झाले. त्या निरोपावर सही नव्हती, गुप्तता नव्हती, आणि पाठवणारा खरोखर तोच आहे याचा पुरावा नव्हता. नेटकॅटलाही हीच मर्यादा आहे : त्यातून जाणारा मजकूर उघडा जातो, वाटेत कुणालाही वाचता येतो. म्हणून ते तंत्रज्ञांचे तपासणीचे हत्यार आहे. शासकीय आदेश देण्याचे साधन नव्हे.

हे सगळे वीस वर्षांहून जुने आहे. मग आज का लिहायचे? कारण काळा पडदा गेला, पण ती समजूत गेलेली नाही. आज आपण व्हॉट्सॲपच्या गटांवर आदेश देतो. एक खूण उमटली की पाठवला, दोन उमटल्या की यंत्रावर पोहोचला, आणि नोव्हेंबर २०१४ पासून त्या खुणा निळ्या होऊ लागल्या, म्हणजे उघडला. पण निळी खूणही एवढेच सांगते, की तो संदेश त्या यंत्रावर उघडला गेला. गटात साठ अधिकारी असतात. त्यातले चाळीस 'नोटेड सर' लिहितात, आणि ज्या एकाने नाव काढायची असते तो बरेचदा उरलेल्या विसांत असतो. शिवाय साठ जणांना दिलेला आदेश हा कुणालाच दिलेला नसतो. आपत्तीच्या वेळी एखाद्या भागातील सर्व भ्रमणध्वनींवर एकदम इशारा देण्याची सेल ब्रॉडकास्ट ही पद्धत आपल्या देशात २०२३ साली ठिकठिकाणी तपासली गेली. तिचे मोल मोठे आहे. परंतु ती दवंडी आहे. दवंडीला पोच नसते. म्हणून दवंडीनंतर कुणीतरी वस्तीत जाऊन कोण निघाले, कोण राहिले, हे पाहावेच लागते.

तरुण अधिकाऱ्यांशी बोलण्याची संधी मिळते, तेव्हा मी त्यांना एक विनंती करतो. कोणतीही नवी संदेशव्यवस्था सुरू करताना चार प्रश्न कागदावर लिहा. निरोप यंत्रापर्यंत पोहोचला, हे कोण सांगणार? तो माणसाने वाचला, हे कोण सांगणार? त्याला त्याचा अर्थ कळला, हे कशावरून ठरणार? आणि काम झाले, ही नोंद कोण करणार? पहिल्याचे उत्तर यंत्र देईल. उरलेल्या तिघांची उत्तरे माणसांनीच द्यायची आहेत, आणि त्यासाठी माणूस नेमून देणे हे वरिष्ठाचे काम आहे. ती नेमणूक न करता खालच्या माणसाला जबाबदार धरणे कायद्यात बसेलही, पण ते न्यायाचे होणार नाही.

त्या टंकलेखकाची माझ्याशी पुढे या विषयावर कधी चर्चा झाली नाही. माझी बदली झाली, तेव्हा निरोपाच्या संगणकासमोर रात्रपाळीला बसण्याचे काम त्याने स्वतः मागून घेतलेले होते, एवढेच मला माहीत आहे. म्हातारीच्या प्रश्नाचे उत्तर मात्र मी अजूनही देऊ शकलेलो नाही. ते नोंदवहीच्या तिसऱ्या रकान्यात दर रात्री लिहावे लागते.